फावला वेळ आणि महिला मंडळ : उपनगरापासून येवल्यापर्यंत

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या मंडळांचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा वाढत्या उपनगरापासून आरंभ करतात. नवी वस्ती, भिंतीआड स्वतंत्र बिऱ्हाडे, सकाळी कचेरीस जाणारा पुरुषवर्ग आणि दुपारी घरी असणाऱ्या साक्षर स्त्रिया, एवढ्या गोष्टी एके ठिकाणी आल्या म्हणजे तेथे एखादा भगिनी समाज अथवा एखादे महिला मंडळ उदयास येते, अशी ही मांडणी आहे. ती खोटी नाही. परंतु तीवर विसंबून राहिल्यास महाराष्ट्रातील स्त्रीसंघटनेचा एक मोठा प्रवाह दृष्टीआड होतो. या दुसऱ्या प्रवाहाची वाट उपनगरातील दिवाणखान्यातून गेलेली नाही. ती महाडवरून, मुंबईच्या गिरणी-वस्तीतील चाळींतून, नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दरवाजापासून आणि त्याच जिल्ह्यातील येवला या विणकरांच्या गावातून नागपूरपर्यंत गेली आहे.

या दोन प्रवाहांची तुलना केवळ जातीच्या किंवा वर्गाच्या नावाने करणे सोपे आहे. पण तेवढ्याने त्यांच्या कार्यातील भेद उलगडत नाही. तो उलगडण्यास एक साधी कल्पना उपयोगी पडते. ती म्हणजे फावला वेळ. पहिल्या परंपरेने स्त्रीचा फावला वेळ गृहीत धरला आणि त्याचा सदुपयोग हे आपले उद्दिष्ट मानले. दुसऱ्या परंपरेतील स्त्रियांजवळ असा वेळ नव्हता. त्यांना मंडळ प्रथम स्थापावे लागले, आणि त्या मंडळाच्या बळावर वेळ मागावा लागला. हा क्रमभेद प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

१

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट होय. कारण संस्था आपल्या नावात आपली कल्पना सांगून ठेवते. स्त्रियांच्या संघटनांसाठी मराठीत समाज, मंडळ, सभा, सदन, संघ, परिषद आणि क्लब असे शब्द रूढ झाले. त्यांपैकी ‘समाज’ हा शब्द या अर्थाने धर्मसुधारणेच्या चळवळींतून आला. ब्राह्मो समाज (१८२८), प्रार्थना समाज (१८६७) आणि आर्य समाज (१८७५) या नावांमुळे समान श्रद्धेच्या माणसांनी ठरावीक दिवशी एकत्र जमणे हा अर्थ या शब्दास चिकटला. ‘सदन’ शब्दात आश्रयाची कल्पना आहे: स्त्री आपले घर सोडून, किंवा घराबाहेर टाकली जाऊन, जेथे येते ते दुसरे घर. ‘परिषद’ हा शब्द ठराव आणि मागणी यांचा वाचक आहे.

‘मंडळ’ या शब्दाची कथा याहून घरगुती आहे. मूळ अर्थ वर्तुळ. त्यावरून वर्तुळाकार बसलेला समुदाय. त्याच कुळातील ‘मंडळी’ हा शब्द मराठीत केवळ ‘लोक’ या अर्थी वापरला जातो, तसाच तो पत्नीचा उल्लेख नावाने न करण्याची सोय म्हणूनही वापरला जात असे. ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे गृहस्थ म्हणे, तेव्हा ती मंडळी एकटीच असे. दुसऱ्याची ‘मंडळी’ असलेल्या स्त्रीने इतर स्त्रियांसह स्वतःचे ‘मंडळ’ करावे, यात एक मोठे सामाजिक स्थित्यंतर सामावलेले आहे, आणि भाषेने त्याची नोंद जवळजवळ नकळत केली आहे.

‘महिला’ हा शब्दही लक्षात घेण्यासारखा आहे. बोलण्यात बाई, बाया, बायका हेच शब्द होते आणि आहेत. ग्रंथांत व नियतकालिकांत दीर्घकाळ ‘स्त्री’ हा शब्द प्रमुख होता. ताराबाई शिंदे यांचा १८८२ मधील ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध याचे ठळक उदाहरण आहे. ‘महिला’ हा शब्द सार्वजनिक सभेचा, फलकाचा व निमंत्रणपत्रिकेचा शब्द म्हणून स्थिरावला. ज्या स्त्रीस घरात कोणी महिला म्हणत नसे ती सभेस आली म्हणजे महिला होई. मात्र सभासदांच्या यादीत नाव लिहिताना जुनी विभागणी कायम राही. ‘सौ.’, ‘गं. भा.’ आणि ‘कु.’ या तीन उपपदांनी प्रत्येक स्त्रीचा पती आहे, होता, की अद्याप व्हावयाचा आहे, एवढेच प्रथम सांगितले जाई. पुरुषांच्या नावामागे अशी माहिती देण्याचा प्रघात मराठीत कधीच नव्हता.

२

या संघटनांचा आरंभ मात्र उपनगराच्या पुष्कळ आधीचा आहे. सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रकारांनी पुण्यातील १८५२ च्या महिला सेवा मंडळाची आणि त्या वर्षीच्या संक्रांतीस झालेल्या तिळगूळ समारंभाची नोंद केली आहे. त्या समारंभाचे अध्यक्षस्थान कलेक्टरच्या पत्नीकडे होते आणि कोणत्याही जातीच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसविण्यात येईल असे निमंत्रणात स्पष्ट केले होते. तिळगूळ, हळदीकुंकू हे स्त्रियांच्या एकत्र येण्याचे जुने आणि सर्वमान्य निमित्त. त्या निमित्ताचा स्वीकार करून त्याचा बैठक-नियम तेवढा बदलावयाचा, अशी ही रीत होती. हा बदल दिसावयास लहान आहे. परंतु हळदीकुंकवाच्या समारंभात कोणास बोलवावयाचे हे सौभाग्यावरून, आणि कोणी कोठे बसावयाचे हे जातीवरून ठरत असे. एकच जाजम अंथरल्याने यांपैकी दुसरा नियम मोडला गेला.

त्यानंतर तीस वर्षांनी, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. अहमदनगर, सोलापूर, ठाणे, मुंबई, पंढरपूर व बार्शी येथे त्याच्या शाखा निघाल्या. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षक व स्त्री-वैद्य असण्याची निकड मांडली. याच समाजाच्या सभांस जाणाऱ्या तरुण स्त्रियांत रमाबाई रानडे होत्या. न्यायमूर्ती रानडे १८९३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात गेल्यावर रमाबाईंचे कार्यक्षेत्र मुंबई झाले. तेथील वास्तव्यात त्यांनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब ही संस्था काढली, आणि तीत भाषा, सामान्य ज्ञान, शिवण व हस्तव्यवसाय यांचे वर्ग चालू केले. या नावातील एकही शब्द मराठी मुळाचा नाही, ही गोष्ट बोलकी आहे. पुरुषांच्या क्लबांची कल्पना नगरात आधीच रुजली होती; स्त्रियांच्या अशा मेळाव्यास मात्र मराठीत सर्वमान्य नाव अद्याप लाभले नव्हते. मुंबईच्याच गुजराती स्त्रियांनी १९०३ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या नावात ‘स्त्री मंडळ’ हे शब्द आले, आणि पुढे मराठीतही ‘मंडळ’ हाच शब्द सर्वाधिक रूढ झाला.

रमाबाई रानडे यांनी १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये मुंबईत आणि रमाबाईंच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. सेवासदनाने परिचारिका व शिक्षिका तयार केल्या. येथे क्लबाची कल्पना मागे पडून व्यवसायशिक्षणाची कल्पना पुढे आली. तथापि क्लबाचे बीज नाहीसे झाले नाही. त्यास अनुकूल भूमी पुढील दोन दशकांत मुंबईच्या उत्तरेकडे तयार झाली.

३

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. दाट वस्तीच्या मोहल्ल्यांतून ती वेगाने पसरली आणि नगराची फेरमांडणी करण्यासाठी १८९८ मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेला ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झाले. या ट्रस्टच्या योजनांतून दादर-माटुंगा परिसरात रुंद रस्ते, मोकळ्या जागा आणि मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी घरे असलेल्या वसाहती उभ्या राहिल्या. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली आगगाडी धावली आणि कचेरी एकीकडे, बिऱ्हाड दुसरीकडे ही जीवनपद्धती पक्की झाली.

या उपनगरी घरात स्त्रीचा दिवस बदलला. पाणी नळाने येऊ लागले. दळण जात्याऐवजी पिठाच्या गिरणीतून येऊ लागले. सासू, जावा, नणंदा यांचा एकत्र संसार मागे गावी राहिला. सकाळची घाई संपली म्हणजे दुपारी दोन-तीन तास असे मिळू लागले की ज्यांवर कोणाचा हक्क लिहिलेला नव्हता. या वेळेस मराठीने ‘फावला वेळ’ म्हटले. हा शब्दप्रयोग अर्थपूर्ण आहे. ‘फावणे’ म्हणजे संधी मिळणे, साधणे. म्हणजे हा वेळ हक्काचा म्हणून मिळालेला नाही. कामाच्या फटीतून तो साधला आहे.

उपनगरातील भगिनी समाज व महिला मंडळे या फटीत वाढली. भजन, वाचन, व्याख्यान, शिवणवर्ग, पाककृती, मुलांचे आरोग्य, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि वर्षातून एक नाट्यप्रवेश, असा त्यांचा कार्यक्रम सर्वसाधारणपणे असे. १९२७ मध्ये पुण्यास स्त्रियांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी अखिल भारतीय महिला परिषद भरली. १९३० पासून किर्लोस्करवाडीहून निघू लागलेल्या ‘स्त्री’ मासिकाने या वाचकवर्गास एक सामायिक व्यासपीठ दिले.

या मंडळांचे कार्य क्षुल्लक मानणे अन्यायाचे होईल. सभेत उभे राहून चार वाक्ये बोलणे, जमाखर्च लिहिणे, मागील सभेचे वृत्त वाचून कायम करणे, मतभेद झाल्यास मतदान घेणे, या गोष्टी स्त्रियांना अन्यत्र कोठेही शिकावयास मिळत नव्हत्या. सार्वजनिक मराठी गद्य बोलण्याची सवय हजारो स्त्रियांना येथे लागली. परंतु या मंडळांच्या मर्यादाही त्यांच्या जन्मस्थितीतच होत्या. दुपारी तीन वाजता सभा ठेवणे म्हणजे दुपारी तीन वाजता कामावर असलेल्या स्त्रीस वगळणे होय. घरकाम करणारी मोलकरीण, कोळीण, भाजीवाली, गिरणीतील कामगार बाई यांना कोणत्याही घटनेने सभासदत्व नाकारले नव्हते; तेवढे काम घड्याळ करीत असे. आणि जेथे हळदीकुंकू हाच मुख्य समारंभ, तेथे विधवा सभासद असली तरी तिने दाराशी थबकावे, हेही वेगळे सांगावे लागत नसे.

४

त्याच दादरपासून हाकेच्या अंतरावर, त्याच काळात, दुसरे एक उपनगर वाढत होते. १९२० मध्ये मुंबई सरकारने विकास खाते स्थापन केले आणि त्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. या ‘बीडीडी’ चाळींची संख्या वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२, अशी एकूण २०७ होती. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक कुटुंबास सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, शौचकूप सामायिक. कोकणातून, देशावरून, नाशिक-नगरकडून आलेली कुटुंबे येथे राहू लागली. यांत दलित कुटुंबांची संख्या मोठी होती.

येथील स्त्रीस दिवाणखाना नव्हता, पण मजल्याचा सामायिक व्हरांडा होता. उपनगरी बिऱ्हाडात भिंतींनी स्त्रियांना एकमेकींपासून दूर केले, म्हणून त्यांस एकत्र येण्यासाठी मंडळ काढावे लागले. चाळीत स्त्रिया आधीच एकत्र होत्या. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो या एकत्रपणास कार्याचे रूप देण्याचा. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे (१९२४) कार्यालय होते, आणि चळवळीच्या सभांचा आवाज या चाळींत पोहोचत होता.

२५ ते २७ डिसेंबर १९२७ या दिवसांत महाडास सत्याग्रह परिषद झाली. मनुस्मृतीच्या दहनासाठी ती प्रसिद्ध आहे. तिच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले आणि जातीची ओळख पटविणारी वस्त्रे व दागिने टाकून देण्यास, स्वच्छ राहण्यास आणि मुलींना शिकविण्यास सांगितले. लुगडे नेसण्याची पद्धत त्या ठिकाणीच बदलल्याची हकिकत चळवळीच्या इतिहासात नोंदली गेली आहे. त्यानंतर लगेच, जानेवारी १९२८ मध्ये, मुंबईत दलित स्त्रियांचे मंडळ स्थापन झाले व रमाबाई आंबेडकर त्याच्या अध्यक्ष झाल्या. सहाच महिन्यांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाचे समर्थन करताना बाबासाहेबांनी, प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर स्त्रीस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये हा कायदा झाला.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांतील नाते ध्यानात येते. मंडळ ही एकत्र येण्याची जागा होती. कायदा हे विश्रांतीचे आश्वासन होते. स्त्रीच्या वेळेचा प्रश्न या परंपरेत आरंभापासून मजुरीशी जोडलेला होता.

५

चाळीतील कुटुंबांचे गावाशी असलेले नाते तुटलेले नव्हते; म्हणून मुंबईत जे घडे ते जिल्ह्यांत पोहोचे आणि जिल्ह्यांत घडे ते मुंबईस. नाशिक जिल्ह्यात हा संबंध विशेष दृढ होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराच्या दरवाजांवर गेलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. हे प्रमाण सहास एक एवढेच पडते. तरी कोणत्याही घरातून स्त्रीने पहाटे निघून दिवसभर बंद दारापुढे बसावे, प्रसंगी तुरुंगात जावे, ही गोष्ट तोवर कल्पनेतही नव्हती. ही स्त्री घरी परतली तेव्हा पाणी, सरपण, भाकरी आणि शेतावरची मजुरी तिची वाट पाहत होती. तिने दिलेला वेळ फावलेला नव्हता. तो मजुरी बुडवून, झोप मोडून दिलेला होता.

सत्याग्रह पाच वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. मंदिर उघडले नाही. या अनुभवाचा हिशेब १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे भरलेल्या मुंबई इलाखा दलित वर्ग परिषदेत मांडला गेला. येवला हे मनमाड-दौंड लोहमार्गावरील तालुक्याचे गाव; तात्या टोपे यांचे जन्मस्थान म्हणून आणि पैठणीचे विणकाम चालणारे गाव म्हणून ख्यात. सुमारे दहा हजार लोकांच्या त्या परिषदेत बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून जन्म घेणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, अशा आशयाची घोषणा केली. मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात शक्ती खर्च करू नये, असाही निर्णय तेथे झाला. त्या भूमीवर आता ‘मुक्तिभूमी’ हे स्मारक उभे आहे.

येवल्याच्या घोषणेचा राजकीय व धार्मिक अंगांनी पुष्कळ विचार झाला आहे. स्त्रियांच्या संघटनेच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. मंदिरप्रवेशाचा लढा गावाच्या मध्यभागी, दगडी दरवाजासमोर लढावयाचा होता. धर्म सोडण्याचा लढा घरात लढावयाचा होता, आणि घरातील धर्म स्त्रियांच्या हाती होता. देव्हाऱ्यातील टाक, अंगात येणे, नवस, उपास, मुलास किंवा मुलीस देवाला वाहणे, सटवाई, मरीआई, कुळाचार, या सर्वांची नित्य व्यवस्था पाहणारी स्त्रीच होती. पुरुषांनी परिषदेत हात वर केले म्हणून देव्हारा रिकामा होत नाही. येवल्याचा निर्णय अमलात यावयाचा तर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक झाले, आणि स्त्रियांनी एकमेकींशी बोलणे त्याहून आवश्यक झाले.

या आवश्यकतेचा प्रत्यय पुढील वर्षीच येतो. ३० व ३१ मे १९३६ रोजी दादर-नायगाव येथे मुंबई इलाखा महार परिषद भरली व येवल्याच्या निर्णयास तिने पाठिंबा दिला. नंतर १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, पोतराज, वाघ्या-मुरळी व जोगतिणी यांची स्वतंत्र सभा झाली. धर्मांतरास पाठिंबा देण्यासाठी जमलेल्या या स्त्रीपुरुषांस, लाजिरवाणा जीवनक्रम सोडण्याचे आवाहन बाबासाहेबांनी केले. उपनगरी मंडळाच्या दारातून जिला आत घेण्याचा प्रश्नच कधी उपस्थित झाला नसता, ती मुरळी येथे सभेची श्रोती होती. ‘कोणास बोलवावयाचे’ हा हळदीकुंकवाचा प्रश्न येथे समूळ उलटला. ज्या स्त्रीस देवाशी लग्न लावून कायमची सौभाग्यवती ठरविले होते आणि संसार मात्र नाकारला होता, तिचे सौभाग्य हाच सभेचा विषय झाला.

येवल्याच्या नावाशी विणकाम जोडलेले आहे, त्यावरूनही एक गोष्ट स्पष्ट होते. खड्ड्याच्या मागावर बसून पैठणी विणणारा विणकर लोकांस दिसतो. पण मागावर सूत चढण्यापूर्वी रेशीम उकलणे, गुंता सोडविणे, कांड्या भरणे ही कामे घरातील स्त्रिया करीत आल्या आहेत. या कामास वेळ लागतो, पण त्याची वेळ ठरलेली नसते. स्वयंपाकाच्या आधी, नंतर आणि मध्ये ते चालू असते. अशा गावात ‘दुपारचा फावला वेळ’ हा शब्दप्रयोग घरात लागू पडणे कठीण. मागावरील असो वा शेतावरील, श्रम करणाऱ्या स्त्रीचा वेळ हा तिच्या उपजीविकेतून कापून काढावा लागतो, हे उपनगराबाहेरच्या महाराष्ट्राचे सामान्य वास्तव होते.

६

या वास्तवास मागणीचे रूप २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे मिळाले. अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेस जोडून त्या दिवशी दलित स्त्रियांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. कीर्तिबाई पाटील स्वागताध्यक्ष होत्या. वीस ते पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या असे वृत्तांत आहे. या परिषदेने घटस्फोटाचा अधिकार असावा आणि बहुपत्नीकत्वास कायद्याने बंदी असावी असे ठराव केले. मुलींसाठी वसतिगृहे असावीत, प्रतिनिधित्व असावे, ज्या गिरण्यांत स्त्रिया काम करतात तेथे देखरेखीस स्त्रिया नेमाव्यात, अशाही मागण्या होत्या.

या ठरावांपैकी कामगार स्त्रियांविषयीचा ठराव प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. वर्षास एकवीस दिवसांची नैमित्तिक रजा, एक महिन्याची पगारी हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान पंधरा रुपये निवृत्तिवेतन, अशी ती मागणी होती. नागपूर हे एम्प्रेस मिलचे शहर. ही गिरणी १८७७ पासून चालू झाली होती, आणि गिरणी-वस्तीतील स्त्रियांना रजा म्हणजे काय हे अनुभवाने ठाऊक होते: रजा म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे कापलेला पगार.

उपनगरातील महिला मंडळ आणि नागपूरची ही परिषद यांतील अंतर येथे नेमके दिसते. मंडळाच्या पत्रिकेत फावल्या वेळाच्या सदुपयोगाचा विचार होता. परिषदेच्या ठरावात वेळेची संख्या होती. एकवीस दिवस, एक महिना, वीस वर्षे. ‘फावणे’ या क्रियापदातील संधीचा अर्थ येथे संपतो आणि ‘हक्क’ या शब्दाचा आरंभ होतो. ‘हक्काची रजा’ ही आज कचेरीत सहजपणे उच्चारली जाणारी संज्ञा. ती स्त्रियांच्या परिषदेने १९४२ मध्ये, पुरुषांच्या मध्यस्थीवाचून, आपल्या तोंडाने उच्चारली यात तिचे ऐतिहासिक मूल्य आहे. समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी हा बाबासाहेबांचा सुप्रसिद्ध विचार याच परिषदेतील भाषणाशी निगडित आहे, आणि आपल्या कार्यात आरंभापासून स्त्रियांना बरोबर घेतल्याचे त्यांनी तेथे सांगितले.

नाशिक जिल्ह्यात या परंपरेचे नेतृत्व पुढे शांताबाई दाणी यांनी केले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कार्यात त्या अग्रभागी होत्या, आणि विधानपरिषदेच्या सदस्यही झाल्या. सभेची संयोजक, वक्ती आणि लोकप्रतिनिधी या तिन्ही भूमिका एकाच स्त्रीच्या आयुष्यात आल्या, हे या दुसऱ्या प्रवाहाच्या प्रगतीचे एक माप मानता येईल.

७

स्वातंत्र्यानंतर ‘महिला मंडळ’ या नावास आणखी एक अर्थ प्राप्त झाला. २ ऑक्टोबर १९५२ पासून सुरू झालेल्या समूह-विकास कार्यक्रमात गावोगावी महिला मंडळे स्थापण्यात आली आणि हा शब्द शासनाच्या परिपत्रकांत व नोंदवह्यांत गेला. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. नंतरच्या दशकांत मंडळाची जागा अनेक ठिकाणी ‘बचत गटा’ने घेतली. मंडळ ते गट हा बदलही विचारार्ह आहे. मंडळात वर्तुळाची, सर्वांनी एकमेकांसमोर बसण्याची कल्पना होती. गटात मोजणीची कल्पना आहे. तथापि बचत गटातील स्त्रीने मागितलेले कर्ज आणि १९४२ च्या परिषदेने मागितलेली रजा यांत एक साम्य आहे: दोहोंत श्रम करणारी स्त्री आपल्या श्रमाची किंमत आकड्यांत सांगते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास झालेल्या धर्मांतराने येवल्याची घोषणा एकवीस वर्षांनी पूर्ण केली. त्यानंतर वस्त्यांतील स्त्रियांच्या मंडळांची नावेही बदलली. उपनगरी मंडळांनी भगिनी, वनिता, शारदा यांसारखी गुणवाचक किंवा देवतावाचक नावे स्वीकारली होती. आंबेडकरी वस्त्यांतील मंडळांनी रमाबाई, सावित्रीबाई, यशोधरा, सुजाता अशी व्यक्तींची नावे घेतली. गुणाच्या नावात आदर्श असतो; व्यक्तीच्या नावात इतिहास असतो. ज्या स्त्रियांचा इतिहास इतरांनी लिहून ठेवला नव्हता त्यांनी तो आपल्या फलकावर लिहिला. या स्त्रियांच्या मौखिक आठवणी मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात एकत्र केल्या, तेव्हा हा फलकावरचा इतिहास प्रथमच सविस्तर ग्रंथबद्ध झाला. त्या ग्रंथाच्या नावातील ‘ही’ हे एकाक्षरी अव्यय आधीच्या सर्व इतिहासलेखनावरील भाष्य आहे.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, महाराष्ट्रातील महिला मंडळाचा इतिहास हा एका संस्थेच्या प्रसाराचा सरळ इतिहास नाही. १८५२ च्या जाजमापासून निघालेली रेषा दोन ठिकाणी गेली. एक उपनगरातील दुपारच्या सभेत गेली. तिने स्त्रीस बोलणे, लिहिणे व संस्था चालविणे शिकविले. दुसरी महाड, परळ, नाशिक, येवला, नागपूर या मार्गाने गेली. तिने स्त्रीस ठराव करणे व मागणी करणे शिकविले. पहिलीची साधने दुसरीस उपयोगी पडली; सभावृत्त, अध्यक्षनिवड आणि ठरावाची भाषा दोन्हीकडे एकच आहे. परंतु पहिलीने जे आधीच मिळालेले मानले, ते दुसरीस मिळवावे लागले. उपनगरी मंडळाच्या इतिहासकाराने सभासदांची यादी पाहावी, कार्यक्रमपत्रिका पाहावी, आणि त्याबरोबरच सभेची वेळही पाहावी. त्या एका आकड्यावरून, कोणास बोलाविले होते आणि कोणास येणे शक्य नव्हते, या दोन्ही गोष्टी कळतात.